आडनाव कोण विचारणार, ते आधी सांगा

माझ्या फोनवर दर दोन-चार दिवसांनी एक मुलगी येते. पाठीवर सॅक, मागे डोंगर नाहीतर समुद्र. कॅमेऱ्यात बघून ती सांगते की भीती हा मनाचा खेळ आहे, तिकीट काढा आणि निघा, एकट्यानं फिरल्याशिवाय माणूस स्वतःला सापडत नाही. तिच्या खालोखाल टूर कंपनीची जाहिरात येते. एकसारख्या टोप्या घातलेली चाळीस माणसं आयफेल टॉवरसमोर हात वर करून उभी असतात आणि आश्वासन असतं की परदेशातही आपली माणसं, आपली भाषा, आपलं जेवण. पहिलीच्या मते ग्रुप टूर म्हणजे मेंढरांचा कळप. दुसऱ्यांच्या मते अनोळखी देशात एकटीनं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. भांडण जुनं आहे आणि दोन्ही बाजूंना त्यात मजा येते. पण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट कधीच येत नाही. प्रवाशाला आडनाव असतं.

मलाही आहे. ते इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की अर्धे वाचक पुढचं न वाचताच हा लेख कुठल्या बाजूचा ते ठरवतील. एवढं सांगते की ते दोन-तीन समाजांत चालतं, त्यामुळे नुसतं ऐकून कुणाला पत्ता लागत नाही. मग पुढचे प्रश्न येतात. गाव कोणतं? गावात कुठे? कुलदैवत कोणतं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत हुशार. विचारणारा भाविक दिसतो आणि त्याला हवं ते कळतं.

मी परभणीची, बौद्ध घरातली, सध्या पुण्यात अकाउंट्सचं काम करते. आमच्याकडे म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. जर्मनी अजून पाहिलेली नाही. पण दोनदा देशाबाहेर जाऊन आले, एकदा ग्रुपबरोबर आणि एकदा एकटी. त्यानंतर माझं मत पक्कं झालंय आणि ते सरळच सांगते. परदेशात कसं जावं हा धाडसाचा प्रश्न नाहीच. विकत घेतलेली ग्रुप टूर म्हणजे घरची नजर पैसे मोजून सोबत नेणं. ती नजर ज्यांना कधी बोचली नाही त्यांनी खुशाल न्यावी. माझ्यासारखीला अनोळखी देशाची एवढी भीती नसते. भीती असते ती सोबत आलेल्या ओळखीच्या माणसांची.

थायलंडला गेले फेब्रुवारी २०२५ मध्ये. पासपोर्ट कोरा, इंग्रजी ऑफिसापुरतं, विमानात आधी एकदाच बसलेले. आई म्हणाली, "एकटी नको जाऊ माय. चार मराठी माणसं सोबत असली की जिवाला बरं असतं." मलाही तेच हवं होतं. ऐंशी हजारांच्या आसपास भरले आणि टोपी, बॅगेचा टॅग आणि व्हॉट्सॲप ग्रुप मिळाला.

पहिल्या दिवशी पट्टायाकडे जाणाऱ्या बसमध्ये माइक फिरला. नाव, आडनाव, गाव, काय करता. मी परभणी म्हटल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, "म्हणजे ते डिसेंबरात पेटलं होतं तेच ना?" दुसरं कुणीतरी म्हणालं, "एका पुतळ्यावरून एवढं!" आणि माइक पुढे गेला.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. दगडफेक आमच्या बसला माहीत होती. सूर्यवंशीचं नाव बसमध्ये कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी सुट्टीवर होते.

माझ्या खोलीत साठीच्या एक काकू होत्या, त्याही एकट्याच आलेल्या. माणूस प्रेमळ. पहिल्याच रात्री डबा उघडून चिवडा पुढे केला, माझ्या पायाला फोड आला तर पर्समधून पट्टी काढून दिली. झोपताना विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं गं?" मी म्हटलं, "आमच्या घरी देव-देव फारसं करत नाहीत." त्या म्हणाल्या, "आजकालची मुलं," आणि दिवा मालवला. दोन दिवस छान गेले.

तिसऱ्या दिवशी बँकॉकला वाट फो. तिथे शेहेचाळीस मीटर लांबीची बुद्धाची पहुडलेली मूर्ती आहे. सोन्याचा मुलामा, तळपायांवर शिंपल्याचं नक्षीकाम, भिंतीलगत ओळीनं मांडलेली एकशे आठ कांस्यपात्रं. लोक त्यांत नाणी टाकत जातात आणि तो आवाज सतत चालू असतो. मॅनेजरनं सांगितलं, वीस मिनिटं, फोटो काढा, गेटपाशी भेटू. ग्रुप मूर्तीसमोर तिरका उभा राहून फोटो काढायला लागला. मी काही ठरवलेलं नव्हतं. परभणीच्या विहारातली मूर्ती असेल दोन-अडीच फुटांची, तिच्यासमोर मी लहानपणापासून बसत आले. इथे गुडघे आपोआप टेकले. हात जोडून त्रिशरण म्हणायला लागले. शेजारी एक म्हातारी थाई बाई बसली होती. तीही तेच म्हणत होती. उच्चार वेगळे, चाल वेगळी, शब्द तेच. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि मी चुकीच्या ठिकाणी श्वास घेतला तिथे माझ्यासाठी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझा धर्म आमच्या गल्लीपुरता नाही.

उठून मागे वळले तर काकू आणि त्यांच्या दोन मैत्रिणी बघत होत्या. काकूंना उत्तर मिळालं होतं.

त्या संध्याकाळी मॅनेजर आला. चांगला पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा. म्हणाला, "ताई, काकूंना एसी सोसत नाही, त्या दुसरीकडे ॲडजस्ट होतायत. तुम्हाला सिंगल रूम मिळतेय, एक्स्ट्रा काही नाही. ऐश करा!" सिंगल रूमला या टुरांमध्ये चांगले जास्तीचे पैसे पडतात हे मला माहीत होतं. मी थँक यू म्हटलं. म्हणजे माझा पहिला सोलो प्रवास ग्रुप टूरमध्येच सुरू झाला, तोही फुकटात. चिवड्याचा डबा त्यानंतर माझ्यापर्यंत आला नाही.

पुण्यातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, एसीचंच असेल. तू प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणतेस?" असेल एसीचंच. माझ्याकडे पुरावा नाही, कधीच नसतो. पट्टायाच्या दोन रात्री एसी सोळावर चालू होता आणि काकू शाल न घेता झोपल्या होत्या एवढंच मला माहीत आहे. आणि जात मी आणली म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्याला बंदी घालणारा कायदा करावा लागला, अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. तिथल्या लोकांना जात शिकवली कुणी? लोणच्याच्या बरणीसारखीच ती सामानातून गेली. कस्टम्सनं बरणी तरी कधीकधी पकडली असेल.

या सगळ्यावर बाबासाहेबांनी फार आधी लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे प्रवासाच्याच गोष्टींमधून. १९३५-३६ च्या सुमारास परदेशी वाचकांना अस्पृश्यता म्हणजे काय ते समजावं म्हणून त्यांनी काही आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्यांना दिलेलं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला असतं. आपल्याकडे प्रवासवर्णनांची यादी निघते तेव्हा त्यात ते कधी दिसत नाही. का नाही? त्यात रेल्वे आहे, बैलगाडी आहे, टांगा आहे, किल्ला आहे, मुक्कामाला खोली न मिळणं आहे. मराठी माणसाचं यापेक्षा खरं प्रवासवर्णन मी तरी वाचलेलं नाही.

१९०१ ची गोष्ट घ्या. साताऱ्याहून चार मुलं वडिलांना भेटायला एकटीच निघतात. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनावर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं. स्टेशनमास्तर चौकशी करतो आणि मुलं भाबडेपणानं जात सांगून टाकतात. त्या क्षणी त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. सोबत जेवण आहे पण रात्रभर पाणी नाही. ही मुलं सोलोच होती. भीती हा मनाचा खेळ आहे असं त्यांना कुणी सांगायला हवं होतं का?

मग १९२९, चाळीसगाव. मोठे झालेले, बॅरिस्टर झालेले बाबासाहेब सरकारी कमिटीचे सदस्य म्हणून फिरतायत. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. शेवटी वस्तीतली माणसं टांगा भाड्यानं घेतात आणि ज्याला सवय नाही असा आपल्यातलाच एक जण हाकायला बसतो. पुलावर अपघात होतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. आणि या दोन गोष्टींच्या मधल्या काळातली एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत जवळची वाटते. अमेरिका आणि युरोपात राहून आल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते लिहितात. ती परत आली बडोद्याला, जेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न पडला. परक्या देशांत खोली मिळाली होती. आपल्या देशात, नोकरीच्या गावी, नाव बदलून पारशी खानावळीत राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं.

आता कुणी सांगावं की अनोळखी देश कोणता आणि ओळखीचा कोणता.

पण मी ग्रुपच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये, कारण त्याच लेखनात एक ग्रुप टूरही आहे. १९३४. चळवळीतले सहकारी म्हणाले फिरायला जाऊ, वेरूळची लेणी बघू. तीसेक माणसं नाशिकहून निजामाच्या राज्यात निघाली. परभणीही तेव्हा त्याच राज्यात होती. आपण कोण ते शक्यतो कळू द्यायचं नाही असं ठरवून निघाली, कारण कळलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी पाण्याचं टाकं होतं. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ होती म्हणून काहींनी तिथे हातपाय धुतले. एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवलं, मागून आणखी माणसं जमली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती सोबत एक शिपाई देऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. माझ्या टूरमध्ये गाइड होता, त्यांच्यात पहारेकरी. मारायला उठलेला जमाव मुसलमानांचा होता, बडोद्यातला पारशांचा, मसूरचे गाडीवान हिंदू. म्हणजे हा एका धर्माचा हिशोब नाही, तेवढं बाबासाहेबांनी नीट दाखवलंय.

तीस जण नसते तर त्या दारात काय झालं असतं? एकट्यानं जा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. जिथे लोक तुम्हाला ओळखतात आणि ओळखल्यावर काठ्या उचलतात, तिथे जमावानं जाणं हा भित्रेपणा नाही.

माझी आई २०१९ मध्ये अशाच ग्रुपमधून लुंबिनीला गेली. आई अंगणवाडी सेविका, त्याआधी तिचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत. विहारातल्या लोकांनी ठरवलेली बस, छतावर तांदळाची पोती, डिकीत शेगड्या आणि सिलेंडर, सोबत एक आचारी. बोधगया, राजगीर, नालंदा, सारनाथ, कुशीनगर आणि सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळ. नाक्यावर बसची भन्सारची पावती होईपर्यंत दोन तास गेले. आई म्हणते ते दोन तास तिला सगळ्यात जास्त आवडले, कारण एका पायरीवर बसून ती भारताकडे बघत होती आणि भारत पलीकडे होता. लुंबिनीला मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. त्याला हात लावता येत नाही, कठडा आहे. आईनं कठड्याला हात लावला.

मी थायलंडचं सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्या बसमधी कुणी कुणाला आडनाव पुसलं नाही."

"का गं?"

"सगळ्यायचं माहीतच होतं की."

अशा ग्रुपला मी मेंढरांचा कळप म्हणू देणार नाही. (त्या बसमध्येही आचारी असताना पोळ्या बायकांनीच लाटल्या आणि कुठे किती थांबायचं ते पुढच्या सीटवरच्या पुरुषांनी ठरवलं, हेही आईनंच सांगितलं. ते भांडण आमच्या घरातलं आहे, इथे वाढवत नाही.)

आणि सोलोवाल्यांनो, तुमच्या 'फक्त निघा' मागे काय काय उभं असतं ते तुम्ही मोजलंय का? बँकेत अडकला तर पैसे पाठवणारा बाप, इंग्रजीतून भांडता येणं, व्हिसासाठी दाखवायला सहा महिन्यांचं भरलेलं खातं, परत आल्यावर नोकरी नाही मिळाली तरी चालेल अशी जागा. आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास हजारो माणसं घर बंद करून बाहेर पडतात. गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. अनोळखी मुलूख, अनोळखी भाषा, सहा महिने मुक्काम उसाच्या पाल्याच्या कोपीत. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमानं दिलेली उचल फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. याला कुणी ट्रॅव्हल म्हणत नाही. त्यांना कुणी विचारत नाही की सोलो की ग्रुप. निवड करता येणं हीच मुळात चैन आहे, आणि माझ्या वाट्याला ती आली आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच ती फुकट घालवायची नव्हती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मी व्हिएतनामला एकटी गेले. ई-व्हिसाला पंचवीस डॉलर लागले. आईला हनोईचं हॉटेल, फोन नंबर, विमानाची वेळ सगळं कागदावर लिहून दिलं. ती म्हणाली, "बाबासाहेब एकटे गेले ते शिकायला गेले व्हते. तू कशाला चाललीस?" मला उत्तर सुचलं नाही. तसं ते आजही पूर्ण सुचलेलं नाही.

हॉस्टेलच्या काउंटरवर एक मुलगी होती. पासपोर्ट घेतला, माझं आडनाव वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, हसली आणि सोडून दिलं. मग तिनं वय विचारलं. मला वाटलं फॉर्मसाठी. नंतर कळलं की व्हिएतनामी भाषेत समोरच्याला काय म्हणायचं ते वयावरून ठरतं. मोठ्या बहिणीला एक शब्द, धाकटीला दुसरा, तसेच मोठ्या भावाला, काकूला. वय कळल्याशिवाय त्यांचं वाक्यच सुरू होत नाही. मी एकोणतीस, ती बावीस, म्हणून मी 'ची' झाले, म्हणजे ताई. आणि आडनावाचं म्हणाल तर त्या देशात दर तीन-चार माणसांमागे एकाचं आडनाव न्गुयेन आहे. काउंटरवरची न्गुयेन, सिमकार्ड विकणारा न्गुयेन, नोटेवरच्या हो ची मिन्हचं जन्मनावही न्गुयेन. आडनाव ऐकून कुणाला काहीच कळत नाही, म्हणून सगळे सगळ्यांना नावानंच हाक मारतात. त्यांच्यात उच्चनीच नसेल असं मी म्हणत नाही. डोंगरातल्या जमातींकडे शहरातले लोक कसे बघतात ते मला चार दिवसांत काय समजणार? पण ते माझ्यावर नव्हतं. दहा दिवस मी कुठल्या पायरीवर उभी आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं की मलाही आठवलेलं नाही. सकाळी उठून खिडकीत बसून अंड्याची कॉफी पीत होते. खांदे खाली आलेले होते. ते एरवी वर असतात हेही तेव्हाच कळलं.

एकटीचं सगळं गोड होतं असं सांगितलं तर मीही त्या रीलमधलीच होईन. तिसऱ्या दिवशी फिश सॉसनं पोट बिघडलं आणि ताप भरला. सहा खाटांच्या डॉर्ममध्ये रात्रभर कुडकुडत पडले. एकदा जुन्या हनोईतल्या गल्लीत एक दारुडा माझ्या मागे चालायला लागला. मी उजव्या फुटपाथला गेले की तो उजव्या, डाव्या की डाव्या. त्या रात्री मला चाळीस टोप्यावाले हवे होते, काकूंसकट. एका किराणा दुकानात शिरले, दुकानदारीण बाईनं न बोलता स्टूल पुढे केलं आणि तो गल्लीतून जाईपर्यंत मला तिथे बसू दिलं. तापात काउंटरवरच्या मुलीनं भाताची पेज आणून दिली, त्यावर कांद्याची पात. तिनं काही विचारलं नाही, चमचा दिला आणि गेली. बाईला एकटीनं फिरण्यात धोका आहेच, परभणीतही आहे, हनोईतही आहे. तो धोका मी पत्करला. चिवड्याचा डबा अचानक बंद होण्यापेक्षा तो मला परवडला. हे सगळ्यांना परवडेल असं नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी मी चान क्वॉक पॅगोडाला गेले. हनोईच्या पश्चिम तळ्याकाठी, लाल मनोऱ्यासारखा. आवारात बोधिवृक्ष आहे. बोधगयेच्या झाडाचं रोप राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी १९५९ मध्ये तिथे भेट म्हणून दिलं होतं, त्याचं आता मोठं झाड झालंय. म्हणजे हे झाड आमच्या आईनं २०१९ मध्ये ज्याच्याखाली रात्र काढली त्याचं लेकरू. मी पान उचलून वहीत ठेवत होते, तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं.

झेंडा, टोप्या, वीस-पंचवीस माणसं. एका काकूंनी माझ्या हातातली मराठी वही बघितली आणि थेट जवळच आल्या.

"अय्या, मराठी! एकटीच आलीस? कमाल आहे बाई तुझी. कुठली?"

"परभणीची."

"अगं, माझी जाऊ सेलूची! परभणीत कुठे? आडनाव काय तुझं?"

मला 'न्गुयेन' म्हणावंसं वाटलं. खरंच तोंडावर आलं होतं. खांदे पुन्हा वर गेले होते. तेवढ्यात त्यांच्या गाइडनं झेंडा हलवला, बस सुटत होती. काकूंनी घाईघाईत पर्समधून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्या हातात कोंबली, "खा हं, किती वाळलीस," म्हणाल्या आणि धावत गेल्या. उत्तर द्यायची वेळच आली नाही. दिलं असतं तर त्यांनी पुडी दिली असती का, हे मला माहीत नाही. त्या दिली असती अशाही वाटत होत्या. मी शेंगदाणे खाल्ले, चांगले होते.

आता आईला श्रीलंकेला जायचंय. अनुराधापूरला संघमित्रेनं नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड आहे ना, ते बघायचंय तिला. मी म्हटलं, मी घेऊन जाते, आपण दोघीच जाऊ. ती म्हणाली, "संघमित्रा बी एकटी नव्हती गेली. भिक्खुणी व्हत्या सोबत." विहारातल्या अकरा बायका तयार झाल्यात. त्यांतल्या सात जणींचे पासपोर्ट काढायचेत, दोघींच्या जन्मतारखेचा घोळ आहे. टूर कंपनीकडे जायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. विमान आणि राहायचं मी बघणार, हिशोबाची वही आईकडे. पुरुष नकोत हेही ठरलंय आणि त्यावरून विहारात बरीच कुरकुर चालू आहे. पोळ्या कुणीच लाटायच्या नाहीत, तिकडे जे मिळेल ते खायचं, एवढ्या एकाच मुद्द्यावर अजून एकमत झालेलं नाही.